पहिल्या घोटाच्या आधी

व्यसनी माणसाच्या घरातली मंडळी समुपदेशकाकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. त्याला सगळं कळतं, मग तो का पितो? लिव्हर खराब झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे, कामावरून काढून टाकण्याची नोटीस हातात आहे, मुलगी बोलेनाशी झाली आहे, आणि हे सगळं तो स्वतःच रडत रडत सांगतो. संध्याकाळी मात्र पिऊनच घरी येतो. विचारणाऱ्याने मनात उत्तरही ठरवलेलं असतं. एक तर त्याला आमची पर्वा नाही, नाहीतर त्याच्यात इच्छाशक्ती नाही. हे पुस्तक या प्रश्नासाठी लिहिलं आहे, आणि ही दोन्ही उत्तरं मला चुकीची वाटतात.

माझं म्हणणं असं आहे. पहिला घोट घशाखाली उतरण्याच्या बराच आधी, कधी काही तास तर कधी काही आठवडे आधी, मनात विचारांची एक साखळी सुरू झालेली असते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा न सोसणारी एखादी भावना असते. बाटलीवर नजर ठेवणाऱ्या घराला ही साखळी दिसत नाही. पिणाऱ्यालाही ती दिसत नाही, कारण ते विचार त्याला स्वतःचे, खरे आणि बिनतोड वाटतात. औषधांनी शरीरातली दारू उतरवता येते. साखळी मात्र तशीच राहते, आणि माणूस वॉर्डातून घरी जाताना ती बरोबर घेऊन जातो.

यासाठी मला नेहमी आठवतो तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, ॲक्रन शहरातला १९३५ सालच्या मे महिन्यातला एक शनिवार. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उमेदीची वर्षं घालवलेला आणि दारूपायी ती धुळीला मिळवलेला बिल विल्सन तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. ज्या व्यवहारासाठी तो त्या परक्या गावी आला होता तो फसला होता. बरोबरची माणसं निघून गेली होती आणि खिशात जेमतेम पैसे उरले होते. लॉबीच्या एका बाजूला बार होता आणि आतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. त्याच्या मनात आलं, आत जाऊन नुसतं जिंजर एल घेऊन बसावं, कोणाशी तरी चार शब्द बोलावेत. त्यापाठोपाठ दुसरा विचार आला. इतके महिने आपण घेतलेली नाही, तेव्हा आता दोन-तीन पेग झेपायला हरकत नाही.

दारू पिऊन झिंगावं असं त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं, हे इथे ध्यानात घ्यावं. पराभव आणि एकटेपणा त्याला जाचत होते. विचार सुचला तो सोबतीचा, आणि तो अगदी साधा, माणुसकीला धरून होता. मग सोडलेल्या दिवसांनीच त्याला परवानगी दिली. त्या परवानगीचीच बिलला भीती वाटली. तो लॉबीतल्या टेलिफोनकडे वळला आणि गावातल्या चर्चमार्फत आपल्यासारखाच एखादा दारुडा शोधू लागला. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर बॉब यांनी शेवटची दारू घेतली ती १० जून १९३५ रोजी, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना तोच आपला जन्मदिवस मानते. आज मुंबई-पुण्यात आणि अनेक तालुक्यांच्या गावी संध्याकाळच्या ज्या मीटिंगा भरतात, जिथे माणसं उभी राहून आपलं शेअरिंग करतात, त्यांचा उगम या टेलिफोनात आहे. बारकडे जाणारा विचार तोडायला बिलला दुसऱ्या माणसाची गरज लागली, ही गोष्ट मला त्या संघटनेच्या साऱ्या तत्त्वज्ञानाहून महत्त्वाची वाटते.

या विचारांची शास्त्रीय मांडणी व्हायला पुढे बराच काळ जावा लागला. उदासीनतेच्या उपचारांसाठी ओळखले जाणारे ॲरन बेक यांनी सहकाऱ्यांसह १९९३ साली व्यसनावरचं पुस्तक लिहिलं आणि व्यसनी मनातल्या समजुती वेगवेगळ्या करून दाखवल्या. काही समजुती सुखाची वाट पाहायला लावतात. घेतली की मजा येईल, घेतल्याशिवाय लग्नाच्या वरातीत पाय उचलत नाही, चार मित्रांत खुलता येत नाही. काही समजुती सुटकेचं आश्वासन देतात. घेतली नाही तर झोप लागणार नाही, हात थरथरतील, डोकं फुटेल. व्यसन जुनं होत जातं तशा पहिल्या प्रकारच्या समजुती मागे पडतात आणि दुसऱ्या प्रकारच्या वाढतात. वीस वर्षं पिणाऱ्याला मजा येते का, असं कधी शांतपणे विचारून पाहा. बहुतेक जण नाही म्हणतात, आणि ते खरं बोलत असतात.

तिसरा प्रकार परवानगी देणाऱ्या समजुतींचा. या पुस्तकाची जवळजवळ निम्मी पानं त्यांच्यावरच आहेत. आज पगार झाला. आज पगार झाला नाही. आज भाच्याची हळद आहे. आज सासरे गेले. आज साहेब बोलले. उद्यापासून बंदच करायची आहे, मग आज शेवटची. देशी घेत नाही, इंग्लिश घेतो. स्वतःच्या पैशानं पितो, कोणाच्या बापाचं खात नाही. सकाळी घेत नाही. यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर त्यात तथ्य असतं, आणि म्हणून त्याच्याशी वाद घालता येत नाही. बायको वाद घालते, हरते, आणि तिचं चिडणं हीच पुढची परवानगी होते.

आपल्याकडच्या परवानग्यांमध्ये श्रावणाचं स्थान फार मोठं आहे. आषाढातल्या अमावास्येला भरपूर प्यायची आणि मग महिनाभर, कोणी तर गणपती उठेपर्यंत, थेंबालाही शिवायचं नाही, ही रीत घरोघरी ठाऊक आहे. ज्याला व्यसन जडलेलं नाही त्याच्यासाठी तो एक सण आहे. ज्याला जडलं आहे त्याच्यासाठी श्रावण हा पुरावा ठरतो. महिनाभर मी राहू शकतो, म्हणजे दोरी माझ्या हातात आहे, म्हणजे मी बेवडा नाही. तो महिना त्याने कसा काढला, दिवस कसे मोजले, किती चिडचिड केली, हे तो सांगत नाही. त्याला स्वतःलाही ते आठवत नाही. एक महिना न पिणं आणि पिण्याच्या विचारातून मोकळं होणं यांत मोठं अंतर आहे. श्रावण पाळणाऱ्या नवऱ्याचा दाखला देऊन ‘मनात आणलं तर सोडतील हो’ म्हणणाऱ्या बायकांना हे अंतर समजावून सांगणं फार अवघड जातं.

आता भावनांकडे वळतो. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ आपण दारूच्या दुष्परिणामांचं नाटक म्हणून वाचतो, सिंधूसाठी रडतो आणि तळीरामाला दोष देतो. मी ते वाचतो तेव्हा माझं लक्ष सुधाकर पहिल्यांदा प्याला उचलतो त्या वेळेकडे जातं. तो बुद्धिमान वकील आहे, मानी आहे. कोर्टातल्या प्रसंगातून त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. चारचौघांत झालेला अपमान त्याला सोसत नाही, आणि त्या आगीवर उतारा म्हणून तळीराम त्याच्यापुढे दारू ठेवतो. दारूची चव, चैन, संगत यांतलं काहीही सुधाकरला ओढत नाही. त्याला घटकाभर आपल्या मनातून बाहेर पडायचं आहे. गडकऱ्यांनी हे शंभरेक वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खंत्झियन यांनी १९८५ साली हीच गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली. माणूस नशेचा वापर स्वतःच्या मनावरचं औषध म्हणून करतो, आणि कोणती भावना छळते त्यावर तो कोणता पदार्थ धरतो हे ठरतं, असं त्यांचं म्हणणं. निवड इतकी नेमकी असते असं मला वाटत नाही. आपल्याकडे माणूस जे परवडतं आणि हाताशी असतं तेच घेतो, मग ते संत्रा असो, गर्द असो, गुटखा असो की खोकल्याच्या औषधाची बाटली. पण त्यांचा मूळ मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. नशा हा भावना हाताळण्याचा एक मार्ग आहे. तो लवकर गुण देतो, आणि म्हणूनच तो इतका घातक आहे.

सोळाव्या वर्षी पिऊ लागलेला मुलगा राग, लाज, भीती, नकार यांतलं काहीही कोरड्या मनाने सोसायला शिकलेला नसतो. चाळिशीत तो उपचारांना येतो तेव्हा का प्यायलास असं विचारलं की ‘टेन्शन होतं’ एवढंच सांगतो. खोदून विचारल्यावर हळूहळू बाहेर येतं. मोठ्या भावाने जमिनीच्या कागदांवर सही मागताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. किंवा दहावीतल्या पोराने मित्रांसमोर बापाची ओळख करून दिली नव्हती. अपमान, दुःख, मत्सर, धास्ती हे सगळं त्याला एकाच अस्वस्थतेसारखं जाणवतं आणि त्या अस्वस्थतेवर त्याला एकच उपाय माहीत असतो. उपचारातला फार मोठा भाग, ऐकायला किरकोळ वाटेल, पण आपल्याला नेमकं काय वाटतं आहे हे ओळखायला शिकण्यात जातो.

दारू त्या अस्वस्थतेचं पुढे काय करते तेही समजून घेतलं पाहिजे. दारूने मेंदूचं काम मंदावतं. रोज दारू पोटात जाऊ लागली की मेंदू तिला तोंड देण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू उतरते, वाढलेला वेग तसाच राहतो, आणि पहाटे चारला घाम, थरथर, छातीत धडधड आणि कारण नसलेली भीती घेऊन माणूस जागा होतो. सकाळच्या उताऱ्याने ती भीती जाते. ज्या धास्तीसाठी तो पितो, तिच्यातली बरीचशी आता दारूनेच तयार केलेली असते. हे चित्र कागदावर काढून दाखवलं की अनेक पेशंट गप्प होतात. ज्याला ते आपला स्वभाव समजत होते, तो स्वभाव नव्हता, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

मेंदूविषयी आणखी एकच गोष्ट इथे सांगतो, बाकी पुढे येईल. १९९३ सालीच टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज या संशोधकांनी दाखवलं की एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ लागणं ही मेंदूतली वेगवेगळी कामं आहेत. व्यसनात आवड विझत जाते आणि ओढ वाढत जाते. मन ज्याचा तिरस्कार करतं त्याच्याकडे पाय का वळतात, या घरच्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. पण मेंदू म्हणजे नियती नव्हे. व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनचं व्यसन जडलेले अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर ली रॉबिन्स यांनी त्यांचा मागोवा घेतला. पहिल्या वर्षात त्यांच्यातले सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात गेलेले आढळले. युद्धाची भीती, कंटाळा, ती सोबत, ती जागा मागे राहिली होती. आपल्याकडे तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं गावोगाव भेटतात. माळेबरोबर नवी सोबत येते, भजनाची संध्याकाळ येते आणि लोक वेगळ्या नावाने हाक मारू लागतात. ज्याला वॉर्डातून थेट त्याच चाळीत, त्याच नाक्यावर परतायचं आहे, त्याच्यावर आपण केवढं ओझं टाकतो, याचा विचार मी हे दोन्ही दाखले एकत्र ठेवून करतो.

पुन्हा पिणं, म्हणजे स्लिप किंवा रिलॅप्स, यावर ॲलन मार्लट यांनी केलेलं काम मला सर्वांत उपयोगी पडलं. १९८५ साली ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबरच्या पुस्तकात त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अशी की घसरण वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या निर्णयांनी सुरू होते. मित्राचे उसने पैसे परत करायला जायचं आहे आणि मित्र नेमका परमिट रूममध्ये बसतो. पाहुण्यांसाठी म्हणून घरात एक बाटली आणून ठेवायची आहे. आज मीटिंगला न जाता घरीच विश्रांती घ्यायची आहे. विचारलं तर माणूस मनापासून सांगतो की प्यायचा विचारही नव्हता. दुसरी गोष्ट अधिक जीवघेणी आहे. एक पेग पोटात गेल्यावर माणूस स्वतःला सांगतो, की झालं, मी हरलो, मी असाच आहे. त्या शरमेतून तो पुढची बाटली पितो. एका पेगने जितकी हानी होते त्याहून खूप जास्त या निष्कर्षाने होते. मी चुकीचं केलं, असं म्हणणाऱ्या माणसाला दुरुस्त करायला काहीतरी असतं. मीच चुकीचा आहे, असं म्हणणाऱ्याजवळ लपण्याखेरीज काही राहत नाही, आणि लपायला सर्वांत जवळची जागा त्याला ठाऊक असते.

म्हणून घसरलेल्या माणसाला पाहून ‘आला मूळ पदावर’ असं कोणी म्हणतं तेव्हा मला राग येतो. तो माणूस स्वतःला तेच म्हणत असतो. त्याला त्या क्षणी विचारायला हवं ते वेगळंच: काल काय झालं, त्याच्याही आधी काय झालं, आणि मनात पहिल्यांदा काय आलं? ओढ लाटेसारखी चढते आणि तिला खतपाणी न घातल्यास साधारण अर्ध्या तासात ओसरते, हे मार्लट शिकवत असत. तेवढा वेळ कोणाशी तरी बोलण्यात, चालण्यात, जेवण्यात काढता आला तर ती लाट जाते. पण ती जाते यावर विश्वास बसायला ती एकदा तरी जाताना पाहावी लागते.

घरच्यांविषयी थोडं स्पष्ट लिहितो. व्यसनी माणसाच्या विचारांभोवती घराचेही विचार तयार होतात. खिसे तपासणं, बाटल्या ओतून टाकणं, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं, ऑफिसात फोन करून त्याला ताप आल्याचं सांगणं, हे सगळं प्रेमातून आणि भीतीतून होतं. मोडलेली प्रत्येक शपथ मात्र त्याच्या शरमेत भर घालते. मी नीट वागले असते तर ते प्यायले नसते, हा अनेक बायकांच्या मनात घर करून बसलेला विचार खोटा आहे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली अल-अनॉन हा कुटुंबीयांचा गट उभा केला तो घरच्यांनाही आधाराची गरज असते म्हणून. आणि लग्न करून दिलं की सुधारेल, या समजुतीने आजही मुली दिल्या जातात. एका मुलीचं आयुष्य हे कोणाचं औषध नाही. हे मी या पुस्तकात जितक्या वेळा लिहिता येईल तितक्या वेळा लिहिलं आहे. ज्या बायका स्वतः पितात, झोपेच्या गोळ्यांच्या किंवा मिश्रीच्या आहारी जातात, त्यांच्या वाट्याला तर असा पाठीशी घालणारा परिवारही येत नाही. त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे.

मराठीत या विषयाची वाट आधी काही जणांनी केली आहे आणि त्यांचं ऋण मोठं आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलं. ते वाचून अस्वस्थ झालेले पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि १९८६ साली डॉक्टर सुनंदा अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पेशंटला गुन्हेगार न मानता वागवायचं, आणि बऱ्या झालेल्या पेशंटनेच नव्याला सांभाळायचं, ही तिथली रीत महाराष्ट्रभर पसरली. ॲल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. प्रसंगामुळे भावना निर्माण होते असं आपल्याला वाटतं, पण प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते, हे एलिस यांचं म्हणणं त्यांनी सामान्य वाचकापर्यंत नेलं. या पुस्तकातले बहुतेक स्वाध्याय त्या एका विचारावर उभे आहेत.

या पुस्तकाची मर्यादाही आताच सांगायला हवी. विचार तपासून सगळं व्यसन सुटेल असं मी कुठेही म्हटलेलं नाही. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा घरात कोंडून ठेवून दारू सोडवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसनाबरोबर तीव्र उदासीनता किंवा दुसरा मानसिक आजार असेल तर त्यावरही औषध घ्यावं लागतं. मीटिंगला जातो म्हणून गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे.

वाचताना एक करा. तुम्ही पिणारे असाल तर एका वेळी एकच प्रकरण वाचा आणि शेवटच्या वेळी घेण्याआधीचे काही तास कागदावर लिहून काढा: कुठे होतात, बरोबर कोण होतं, मनात काय आलं. कोणाला दाखवायला नको. तुम्ही घरचे असाल तर पुस्तक त्यांच्या पुढ्यात आपटू नका, आधी स्वतः वाचा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेलं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात दारूपायी मदतीची गरज असलेले लोक ५ कोटी ७० लाख आहेत, आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कुठलीतरी मदत मिळालेली आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. दोन्हींना फोन करायला पैसे पडत नाहीत.